दादा येतोय, राणीचा डबा कुठे ठेवू?

(पत्र थोडं आवरतं घेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

"ताई, नमस्कार. मी ६४ वर्षांची आहे. माहेर कराडजवळचं, कृष्णाकाठचं. लग्न होऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आणि तीसेक वर्षं इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होते, बहुतेक रात्रपाळीला. २००९ मध्ये ब्रिटिश पासपोर्ट घेतला. आमचे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पत्री सरकारात होते. पोलिसांचा मार खाल्लेला, जेल भोगलेली.

"८ सप्टेंबर २०२२ ला इथली राणी एलिझाबेथ गेली. दोन दिवस आधी तिचा नव्या पंतप्रधान बाईंशी हात मिळवतानाचा फोटो आला होता. माझी नजर तिच्या हाताच्या पाठीवर गेली. काळानिळा डाग होता. मी मिस्टरांना म्हटलं, आता फार दिवस नाहीत. १५ तारखेला कुणाला न सांगता लंडनला गेले आणि दर्शनाच्या रांगेत दहा तास उभी राहिले. शवपेटीसमोर आल्यावर हात आपोआप जोडले गेले. खूप रडले.

"परवा नातीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्या रांगेतला माझा मनगटाचा पट्टा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचा मेसेज आला : 'आबांच्या फोटोला हार घालणारी तू, त्यांना काठ्या घालणाऱ्यांच्या राणीपुढे हात जोडतेस? राणीच आठवायची तर अहिल्याबाई आठव.' त्यानंतर फोन नाही. मे महिन्यात दादा पहिल्यांदाच आमच्याकडे येणार आहे. तिकीट काढलेलं आहे. माझ्या ओट्यावर राणीचं चित्र असलेला चहाचा डबा आहे, २०१२ मध्ये ती लेस्टरला आली होती तेव्हा घेतलेला. तो आत ठेवू का? ८ सप्टेंबरला मी तिच्या नावाने निरांजन लावते, ते चुकतंय का? आणि एक. आमची आई मे २०२१ मध्ये करोनात गेली. मला जाता आलं नाही. हे इथे का लिहिलं, मलाच कळत नाही."

ताई,

डबा आत ठेवू नका. तेरा-चौदा वर्षं जो डबा रोज सकाळी हातात घेतला, तो भावाच्या भीतीने कपाटात गेला तर चहा करताना तुमचा हात तिकडेच जाणार, आणि दादाला ते दिसणार. भावंडांपासून असं काही लपत नाही. तो डबा आपल्या जागी असू दे. पण दादाला तोंड देण्याआधी त्याचं जे बरोबर आहे ते मनापासून मान्य करा, आणि ते बरंच आहे.

तुम्ही सातारा जिल्ह्याच्या लेक आहात. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. परक्या मुलखात एक तपाहून जास्त काळ त्यांनी कंपनीचे आणि पार्लमेंटचे उंबरठे झिजवले. काही हाती लागलं नाही. ते तिथे असतानाच, १८४८ मध्ये, दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. त्या धोरणाचा पहिला घाव साताऱ्यावर पडला. तेव्हा गादीवर व्हिक्टोरिया होती, तुमच्या राणीची खापरपणजी. याला शंभर वर्षं होत आली तेव्हा आबा आणि त्यांचे सोबती रानात, उसाच्या फडात रात्री काढत होते. हे सगळं दादाच्या रक्तात आहे. तुमच्याही आहे. "ते जुनं झालं" असं त्याला चुकूनही म्हणू नका. मलाही ते वाक्य ऐकवत नाही.

एलिझाबेथ राणीची कारकीर्दही धुतल्या तांदळासारखी नव्हती. वडील गेल्याची बातमी त्यांना ६ फेब्रुवारी १९५२ ला केनियात कळली. तिथे दौऱ्यावर गेलेली पंचवीस वर्षांची मुलगी परतली ती राणी होऊन. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच केनियात आणीबाणी लागली. पुढची काही वर्षं तिथल्या माणसांना छावण्यांत डांबून जे छळलं, ते तिच्या सरकारने, तिच्या नावाने. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि ५,००० हून जास्त केनियन लोकांना भरपाई दिली. १९९७ मध्ये राणी जालियनवाला बागेत गेल्या, पुष्पचक्र वाहिलं, मान लववली, पण माफीचा शब्द काही उच्चारला नाही. तो उच्चारायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दादाने हे काढलं तर "हो" म्हणा, आणि पुढे "पण" जोडू नका.

मात्र दादाच्या रागात काही गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एलिझाबेथ भारताच्या राणी कधीच नव्हत्या. आपण प्रजासत्ताक झालो १९५० मध्ये, त्या गादीवर आल्या १९५२ मध्ये. आबांना काठ्या बसल्या तेव्हा त्या अजून राणी व्हायच्या होत्या, विशीही गाठली नव्हती. आणि त्या कोहिनूर घालून मिरवायच्या असं तो म्हणाला (असे मेसेज फिरत असतात म्हणून सांगते), तर शवपेटीवर तुम्ही जो मुकुट पाहिलात त्यात कोहिनूर नव्हता. तो त्यांच्या आईच्या मुकुटात आहे. आपला गेलेला हिरा त्यामुळे परत आला असं होत नाही. पण ज्याचा राग धरायचा त्याची माहिती तरी पक्की हवी.

अहिल्याबाईंचंही तसंच. दादा म्हणतो ते सोन्यासारखं आहे, जरूर आठवा. १७६७ ते १७९५, अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्वतः राज्य चालवलं, न्याय केला, घाट आणि विहिरी बांधल्या, म्हणून लोकांनी त्यांना पुण्यश्लोक म्हटलं. एलिझाबेथ यांच्या हातात असं राज्य नव्हतंच. ७० वर्षं गादीवर राहून त्यांनी कायदा एकही केला नाही. आलेले कागद वाचले, सह्या केल्या, चर्चिलपासून मोजले तर १५ पंतप्रधानांना भेटल्या, आणि स्वतःची मतं स्वतःपाशी ठेवली. या दोघींना एका तराजूत घालताच येत नाही. एकीने केलेलं काम आपण आठवतो. दुसरीचं आठवतो ते तिचं रोज हजर असणं.

आणि हजर राहणं म्हणजे काय हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? त्या फोटोत सगळ्या जगाने पंतप्रधान पाहिली. तुम्ही हाताची पाठ पाहिलीत. पातळ झालेली कातडी, त्याखाली पसरलेला काळानिळा डाग, दुसऱ्या हातात काठी, आणि चेहऱ्यावर पाहुणी आल्यावर असतं तसं हसू. शहाण्णव वर्षांची बाई मरणाच्या दोन दिवस आधी उभी राहून कामावर होती. तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या नर्सला ते बघून भरून आलं, यात साम्राज्याचा संबंध कुठे येतो? कामावरचं माणूस कामावरच्या माणसाला ओळखतं. राणीने २०२२ च्या जुलैमध्ये तुमच्या एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, जॉर्ज क्रॉस दिला, शौर्यासाठीचं इतकं मोठं पदक. त्यातला एक कण तुमच्या रात्रींचाही आहे. दादाला हे कुणी सांगितलेलं नसेल. तुम्ही सांगा.

माझ्या आजीकडे दोन राणीछाप रुपये होते. तोळा तोळा चांदीचे. लक्ष्मीपूजनाला ती ते ताम्हनात ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि भाऊबीजेनंतर पुन्हा फडक्यात गुंडाळून ट्रंकेत. एका रुपयावरच्या व्हिक्टोरियाचं नाक झिजून गालाशी सपाट झालं होतं. आजीचा सख्खा भाऊ बेचाळीसच्या चळवळीत जेलमध्ये गेलेला. तिला कुणी विचारलं नाही की गोऱ्या राणीला हळदकुंकू का वाहतेस, कारण ती लक्ष्मीला वाहत होती आणि तो रुपया तिच्या आईने दिलेला होता. असे रुपये कितीतरी मराठी घरांत अजून पूजेत आहेत. दादाच्या घरी आहेत का ते विचारून बघा. वादात जिंकायला नको. लहानपणीच्या दिवाळीचं एखादं चित्र दोघांच्या डोळ्यांसमोर येईल म्हणून विचारा. मुंबईत आपण मुलांना राणीच्या बागेत नेतो. ती बाग कित्येक वर्षं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी तोंडात येते ती राणीचीच बाग.

आबांच्या पिढीबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. स्वातंत्र्य मिळून तीन महिने झाले होते, फाळणीच्या जखमा वाहत होत्या. तरी गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं कापड लग्नाची भेट म्हणून पाठवलं. त्यावर 'जय हिंद' विणलेलं होतं. मला यातले 'जय हिंद' हे दोन शब्द सगळ्यात आवडतात. मुलीला आशीर्वाद दिला, पण आपलं नाणं वाजवूनच दिला. तुम्हाला असंच करता येईल. २०२२ च्या ११ सप्टेंबरला भारत सरकारनेही एक दिवसाचा दुखवटा पाळला, देशभरचा तिरंगा अर्ध्यावर होता, आणि अंत्यविधीला आपल्या राष्ट्रपती स्वतः गेल्या. हात जोडणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हता.

राणीनेही एकदा असंच काही केलं होतं, तेही दादाला सांगण्यासारखं आहे. लॉर्ड माउंटबॅटन, आपले शेवटचे व्हाइसरॉय, हे त्यांच्या नवऱ्याचे मामा. १९७९ मध्ये आयरिश बंडखोरांनी त्यांना बोटीत बॉम्ब ठेवून मारलं. घरातलं माणूस गेलं होतं. तरी २०११ मध्ये राणी डब्लिनला गेल्या. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी, म्हणजे त्यांच्याच घराण्याच्या राज्याविरुद्ध, लढून मेलेल्यांचं तिथे स्मारक आहे. त्यापुढे त्यांनी मान झुकवली. पुढच्या वर्षी बेलफास्टमध्ये त्याच बंडखोरांच्या एका जुन्या कमांडरशी हात मिळवला. अमृतसरमध्ये जे तोंडून निघालं नाही त्याची भरपाई याने होत नाही. पण समोरच्याच्या मेलेल्यांपुढे मान झुकवली म्हणून आपले मेलेले लहान होत नाहीत, हे त्या बाईला म्हातारपणी कळलं होतं. तुम्ही वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, त्या शवपेटीसमोर, जे केलंत ते मला याच जातीचं वाटतं.

आता जे तुम्ही नीट लिहिलं नाहीत त्याबद्दल. २००९ चा पासपोर्ट तुम्ही एका ओळीत उरकलात. तो समारंभ मला माहीत आहे. महापालिकेच्या सभागृहात उभं राहून तेव्हा राणीचं नाव घेऊन निष्ठेची शपथ घ्यावी लागायची, आणि आपला निळा पासपोर्ट परत करायचा असतो, कारण भारत दोन नागरिकत्वं देत नाही. दादा तेव्हा काही बोलला होता का? मला शंका येते, बोलला नसेल. "बरं झालं, सोय झाली" म्हणाला असेल. धाकटी बहीण कागदोपत्री परकी झाली हे तेव्हा गिळलेलं आता राणीच्या नावाने वर आलं असेल. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण बरोबर असेल तर त्याला इतिहासाचं उत्तर देऊन भागणार नाही. "दादा, त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते" एवढं खरं असेल तर तेवढंच सांगा.

आणि आई.

एप्रिल २०२१ मध्ये राणीचे यजमान गेले. चर्चमध्ये तीसच माणसांना परवानगी होती. राणी एकट्या बाकावर बसल्या होत्या, काळे कपडे, काळा मास्क, शेजारी कुणी नाही. ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असणार. त्या अंत्यविधीनंतर दोनच दिवसांनी इंग्लंडने भारताला रेड लिस्टवर, म्हणजे प्रवासबंदीच्या यादीत, टाकायचं ठरवलं. काही आठवड्यांत तुमची आई गेली. तुम्ही लेस्टरमध्ये फोन हातात घेऊन बसलात.

कुणी म्हणेल, मग ते रडणं राणीसाठी नव्हतंच, आईसाठी होतं. मी तसं म्हणणार नाही. असं म्हटलं की दोघींचं दुःख अर्धं अर्धं होतं. तुम्ही राणीसाठी गेलात आणि राणीसाठीच रडलात. पण २०२२ चा तो आठवडा पितृपक्षातला होता, ताई. राणी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी गेली. तुम्ही रांगेत उभ्या होतात तेव्हा कराडला दादा आईच्या पानाची तयारी करत असेल. आणि तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईच्या निरोपाची रांग मिळाली. तिथे पाय दुखले, थंडी वाजली, अनोळखी माणसांनी थर्मासमधला चहा दिला, आणि शेवटी समोर जाऊन हात जोडता आले. आईच्या वेळी यातलं काहीच मिळालं नव्हतं. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्या हॉलमधून गेली. त्यांतल्या कितीजणांच्या मनात करोनात न दिलेला एखादा निरोप असेल!

निरांजनाचं सांगते. राणीसाठी देव्हाऱ्यात दिवा लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. देव्हारा आईचा आणि आबांचा. राणी पूज्य नव्हती, ती ओळखीची होती. ज्या मेट्रनच्या हाताखाली आपण वीस वर्षं काढली ती गेल्यावर तिला जसं आठवू तसं तिला आठवा. ८ सप्टेंबरला ओट्यावर, डब्याशेजारी एक साधी मेणबत्ती पुष्कळ झाली. मनगटाचा पट्टा नातीला द्या आणि त्याच्याबरोबर आबांची गोष्टही द्या, रंगो बापूजींपासून. दोन्ही एकाच वहीत चिकटवू दे तिला. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या आपल्या पोरीला दोन्ही लागणार आहे.

दादाला मात्र मेमध्ये एक दिवस लंडनला न्या. वेस्टमिन्स्टर हॉल बघायला मिळतो, आधी वेळ घेऊन ठेवा. ज्या दगडी फरशीवर ती शवपेटी ठेवली होती, त्याच हॉलमध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर खटला चालला होता, १७८८ ते १७९५. त्याच्या अमदानीत मराठ्यांशी इंग्रजांचं पहिलं युद्ध झालं. हिंदुस्थानात केलेल्या जुलमाचा जाब पार्लमेंटने त्याला सात वर्षं विचारला आणि शेवटी सोडून दिलं. सुटका झाली त्याच वर्षी महेश्वरला अहिल्याबाई गेल्या. दादाला हे तिथे उभं राहून सांगा. त्याला आवडेल, आणि रागही येईल. येऊ दे. तुम्ही कुठे हात जोडलेत ती जागाही तेव्हाच दाखवा.

मग लॅम्बेथचा पूल ओलांडून नदीच्या पलीकडे जा. तुमची रांग त्याच वाटेने आली होती, त्यामुळे ती लांबलचक भिंत तुम्ही पाहिली आहे. पार्लमेंटच्या बरोबर समोर, हॉस्पिटलला लागून. करोनात गेलेल्या प्रत्येकासाठी हाताने रंगवलेलं एक लाल बदाम, दोन लाखांच्या वर. उन्हापावसाने काही फिके पडतात, लोक येऊन पुन्हा रंगवतात. तुम्ही पहाटे कधीतरी त्या बदामांच्या कडेकडेने पुढे सरकलात, आणि पत्रात त्याचा उल्लेख केला नाहीत. तिथे बाकं आहेत. दादाला बसवा. डबा, राणी, पासपोर्ट, सगळं बाजूला ठेवा आणि त्याला विचारा की आईचं शेवटी कसं झालं. काय बोलली, कोण जवळ होतं, साडी कोणती नेसवली. तुम्ही हे अजून विचारलेलं नसावं. त्या मे महिन्यात हॉस्पिटलात कुणाला आत सोडत नव्हते. कदाचित दादालाही लांबूनच बघावं लागलं असेल, आणि तुमच्यासारखी दहा तासांची रांगही त्याला कुठे मिळालेली नाही.